दहाव्या आवृत्तीचं सोंग

नॉरबर्ट क्लासेनने कंप्यूटरच्या कुठल्याही प्रश्नाला आयुष्यात कधी 'नाही' म्हटलं नव्हतं. नवीन करू का? कर. पुन्हा सुरू होऊ का? हो बाबा. शाळाखात्याचे कंप्यूटर एकतीस वर्षं सांभाळून तो निवृत्त झाला होता, आणि यंत्र ज्या अर्थी आपणहून विचारतंय त्या अर्थी त्याच्या भल्याचंच विचारत असणार, असं त्याचं ठाम मत होतं. मी काही विचारते तेव्हा हे मत कुठे जातं, असं त्याची बायको एल्फ्रीडा विचारायची.

ऑक्टोबरातल्या त्या गुरुवारी दुपारी तो कर्लिंग क्लबात गेला तो फक्त एक कागद छापायला. बर्फाच्या यंत्राचा गेल्या हंगामाचा तापमानाचा तक्ता सरकारी इन्स्पेक्टरला हवा होता. पाच मिनिटांचं काम. एल्फ्रीडाला त्याने सांगितलंही, की वरेनिके, म्हणजे त्या चीज भरलेल्या करंज्या, उकळत्या पाण्यात सोड, मी आलोच.

कॅनडातल्या आमच्या प्लम रिज गावात हिवाळा सहा महिने असतो, आणि त्यातले पाच गाव कर्लिंग क्लबात काढतं. वीस किलोचा दगड बर्फावरून लोटायचा आणि दोघांनी झाडू घेऊन त्याच्यापुढे बर्फ घासत पळायचं, असा हा खेळ. नॉरबर्ट तो चाळीस वर्षं खेळत होता आणि चाळीसही वर्षं वाईट खेळत होता. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात तसा त्याच्यापुरता बर्फ कायम डावीकडे उतरता असायचा. संघ पाडताना त्याचं नाव सगळ्यांत शेवटी निघायचं, तेही 'आता राहिलंच आहे तर' अशा सुरात. तरी क्लबात त्याला मान होता, आणि तो एकाच गोष्टीचा. बर्फाचं यंत्र ज्या कंप्यूटरवर चालायचं तो कंप्यूटर फक्त नॉरबर्टला कळतो, असा साऱ्या गावाचा समज होता. तो समज दूर करायची त्याला कधी गरज वाटली नव्हती.

त्या कंप्यूटरची गोष्ट थोडक्यात सांगायला हवी. बर्फाचं यंत्र चालवणारा प्रोग्रॅम होता २००८ सालचा, आणि स्वभावाने अतिशय संशयी. ज्या कंप्यूटरवर एकदा बसला त्याचं सगळं अंगप्रत्यंग तो पाठ करून ठेवायचा, आणि त्यात जरा फरक दिसला की संपावर जायचा. नऊ वर्षांपूर्वी त्याचा कंप्यूटर मरायला टेकला, तेव्हा नॉरबर्टने खरोखरच हुशारी केली होती. एका मोठ्या कंप्यूटरच्या पोटात त्याने एक खोटा कंप्यूटर तयार केला आणि प्रोग्रॅमला त्यात बिऱ्हाड थाटून दिलं. असे खोटे कंप्यूटर पोटात वागवणाऱ्या घरमालकाला हायपरवायझर म्हणतात. भाडेकरूला वाटतं सगळं घर आपलंच. ही गंमत नॉरबर्टने त्या वर्षीच्या वार्षिक सभेत चाळीस मिनिटं समजावून सांगितली होती, आणि आभाराचा ठराव जरा संशय येण्याइतक्या घाईने मंजूर झाला होता.

तर त्या गुरुवारी त्याने पडदा उघडला, आणि घरमालकाने नम्रपणे विचारलं. पोटातल्या या कंप्यूटरची हार्डवेअर आवृत्ती दहावी आहे, एकोणिसावी उपलब्ध आहे, वर न्यायची का? खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की एकदा वर नेल्यावर खाली आणता येणार नाही. नॉरबर्टने ते वाचलं. वाचलं नाही असं त्याला पुढे कितीतरी वेळा म्हणावंसं वाटलं, पण वाचलं होतं. दहावरून एकोणीस म्हणजे प्रगतीच, खाली कशाला यायचंय, असा विचार करून त्याने 'हो' दाबलं.

प्रोग्रॅम जागा झाला, त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि जाहीर केलं की हा कंप्यूटर माझ्या ओळखीचा नाही, कंपनीला फोन करा. कंपनी अकरा वर्षांपूर्वी बंद पडली होती. तरी नॉरबर्टने फोन केला. तो नंबर आता कुत्र्यांचे केस कापणाऱ्या एका दुकानाचा होता. तिथल्या बाईने मोठ्या आपुलकीने विचारलं, जात कुठली आणि चावतो का? नॉरबर्ट म्हणाला की अजून तरी नाही, आणि फोन ठेवला.

मग त्याने तेच केलं जे एकतीस वर्षं तो मास्तरणींना सांगत आला होता. बंद करून पुन्हा चालू केलं. मोठा कंप्यूटर बंद झाला. चालू झाला नाही. आत काहीतरी टिकटिकलं, तळलेल्या कांद्यासारखा वास आला आणि सगळं शांत झालं. सगळ्याची जास्तीची प्रत ठेवलेली एक डिस्क घरी कपाटात होती खरी, पण वसंतात तिच्यावर त्याने ॲरिझोनाच्या सहलीचे फोटो चढवले होते. निवडुंगाचे एकशे सत्तर फोटो. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

तो गुडघ्यांवर बसून त्या मेलेल्या पेटीकडे बघत असतानाच क्लबचे अध्यक्ष मेल्विन टेव्ज आत आले. ट्रॅक्टर विकणारा माणूस, दारातूनही सरळ यायचा तो मोर्चासारखा. त्यांनी पेटी पाहिली, मग खालची ओली फरशी पाहिली, मग दारापाशी ठेवलेली बादली पाहिली. बादली इर्मा डेर्कसेनची. इर्मा चौऱ्याहत्तर वर्षांची, बावीस वर्षं क्लबाचा बर्फ तीच करायची, आणि हंगामाआधी तिथली सगळी जमीन स्वतःच्या हाताने पुसून घ्यायची.

"पाणी गेलेलं दिसतंय आत," मेल्विन म्हणाले.

"हं," नॉरबर्ट म्हणाला.

आता 'हं' म्हणजे काही होकार नव्हे. 'हं' म्हणजे ऐकलं. 'हं' म्हणजे विचार करतोय. घरी जाताना नॉरबर्टने स्वतःला 'हं'चे सात अर्थ समजावून सांगितले आणि त्यांतल्या एकातही त्याची चूक निघाली नाही. पण शुक्रवारी सकाळच्या कॉफीपर्यंत साऱ्या गावात झालं होतं की इर्माने कंप्यूटरवर पाणी ओतलं. दुपारपर्यंत एक बादली होती, संध्याकाळी दोन झाल्या. मेल्विनचा जावई ब्रेंट विनिपेगला बर्फ करण्याचा दोन दिवसांचा वर्ग करून आला होता आणि त्याचं प्रमाणपत्र सासऱ्यांच्या दुकानात ट्रॅक्टरच्या किमतीशेजारी टांगलं होतं. इर्माचं आता वय झालं, असं मेल्विन ज्याला त्याला हळहळून सांगू लागले. पुढच्या शनिवारी समितीची बैठक ठरली. तोपर्यंत नॉरबर्टने यंत्र चालू करायचं, आणि 'इर्माचा विषय'ही समितीने तिथेच संपवायचा.

चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! आणि चोराला तर गाव सहानुभूती देत होतं. लोक त्याच्या दारात केक आणून ठेवत होते.

एल्फ्रीडाला कळायला दोन दिवस लागले, आणि तेही त्याने तिसरं सॉसेज नाकारलं म्हणून. तिने काटा खाली ठेवला आणि त्याच्याकडून सगळं वदवून घेतलं. मग म्हणाली की आत्ता उठ आणि इर्माकडे जा. नॉरबर्टने तिला शांतपणे पटवून दिलं, की यंत्र एकदा चालू झालं की नुकसानच उरत नाही, नुकसान नाही तर दोष कुणाचा हा प्रश्नच नाही, म्हणजे इर्मासाठी सगळ्यांत चांगलं काय, तर मी आत्ता कामाला लागणं. एल्फ्रीडा म्हणाली, "तुझ्या त्या खोट्या कंप्यूटरला पटेल हे. मला नको सांगू." आणि तिने सॉसेजची ताटली उचलून नेली.

घाई खरोखरच होती. नोव्हेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारी मोठी स्पर्धा, बत्तीस संघ, आणि बर्फ थर देऊन, रंगवून तयार व्हायला पाच दिवस लागतात. नॉरबर्टने इन्स्पेक्टरला फोन करून विचारलं, की नुसत्या हाताने नळ फिरवून यंत्र चालवलं तर? इन्स्पेक्टर अत्यंत सौजन्याने म्हणाला की अवश्य चालवा, फक्त एक परवानाधारक माणूस चोवीस तास यंत्राशेजारी बसवा, आणि तो झोपेल तेव्हा दुसरा. शिवाय तो तापमानाचा तक्ता अजून आला नाही याची त्याने आठवण करून दिली. तो तक्ता अडकला होता त्या प्रोग्रॅमच्या पोटात.

मग जुन्या हायपरवायझरच्या कंपनीला फोन. तिथल्या तरुणाने विचारलं की आपली किती यंत्रं आहेत? नॉरबर्ट म्हणाला, एक. हल्ली आम्ही शंभराच्या खाली विकत नाही, असं तो तरुण म्हणाला. दहावी आवृत्ती ऐकून तर त्याने आपल्या साहेबाला बोलावलं, आणि साहेबांनी विचारलं की ती अजून कुठे जिवंत आहे का? म्युझियममधून फोन आल्यासारखं ते बोलत होते. एकतीस वर्षांच्या अनुभवाचा असा अपमान नॉरबर्टने मुकाट गिळला.

उरला एकच मार्ग. मेलेल्या पेटीतली, प्रोग्रॅम जिच्यावर होता ती डिस्क शाबूत होती. घरच्या कंप्यूटरवर फुकट मिळणारा दुसरा एक हायपरवायझर बसवायचा, आणि त्याने जुन्या घरमालकाचं हुबेहूब सोंग घ्यायचं. तीच दहावी आवृत्ती, तेच नाव, त्याच खुणा, म्हणजे भाडेकरूला वाटेल की आपण जुन्याच घरात आहोत. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं तेवढं आणता येत नाही, आणि इथे तर पैसा लागतच नव्हता. नॉरबर्टला एकदम हुरूप आला.

सोंगाला मदत करायला सगळं गाव धावलं. शेजारच्या बाईंनी सांगितलं की त्यांच्या भावाच्या शिलाई मशीनचा असाच प्रश्न होता, त्याने आत तेल सोडलं. चर्चमधल्या एकाने विचारलं की कीबोर्ड बदलून पाहिलात का. पाद्रीबुवांनी प्रार्थनेत 'नॉरबर्टच्या यंत्राला' एक वाक्य दिलं, आणि ते ऐकताना नॉरबर्टने मान इतकी खाली घातली की एल्फ्रीडाला त्याला कोपर मारावं लागलं. मेल्विन तर रोज येऊन खुर्ची ओढून बसायचे, सूर्यफुलाच्या बिया फोडत पडद्याकडे बघायचे आणि दर दहा मिनिटांनी 'अजून नाही?' विचारायचे.

इंटरनेटवर चौकशी केली तर एका जाणत्याने लिहिलं की असं कुणाला करावंसंच का वाटावं? दुसऱ्याने लिहिलं की नवा प्रोग्रॅम घ्या. आणि आठ वर्षांपूर्वीचा एक माणूस सापडला. हाच प्रोग्रॅम, हीच दहावी आवृत्ती, हाच घोटाळा! नॉरबर्ट खुर्चीत पुढे सरकला. त्या माणसाने खाली उत्तर लिहिलं होतं: 'जमलं एकदाचं. सर्वांचे आभार.' बस्स. कसं जमलं ते नाही. नॉरबर्ट मेनोनाईट, म्हणजे साध्यासोशिक ख्रिस्ती पंथातला माणूस, त्याच्या तोंडी शिवी बसत नाही, पण त्या दिवशी त्याने मनात त्या माणसाच्या दगडांना कायमचा डावा उतार चिंतला.

एकेक खोटं तो रचत गेला. घर कुणी बांधलं? जुन्या कंपनीने, असं त्याने नव्या घरमालकाच्या तोंडी घातलं. कधी बांधलं? जुनीच तारीख. डिस्कचं दार कुठल्या जातीचं? जुन्याच जातीचं. नेटवर्कचा नंबर एका जुन्या छापील कागदावर सापडला. दर वेळी प्रोग्रॅम उठायचा, एक नवीन खोली तपासायचा आणि म्हणायचा, हा कंप्यूटर माझ्या ओळखीचा नाही. बुधवारपर्यंत एकच गोष्ट उरली. जुन्या खोट्या कंप्यूटरचा छत्तीस अक्षरांचा ओळखक्रमांक. तो लिहिलेली फाइल पेटीच्या जळलेल्या भागाबरोबरच गेली होती, आणि जगात दुसरीकडे कुठेही नव्हती.

गुरुवारी दार वाजलं. दारात इर्मा डेर्कसेन उभी. हातात एक फुगलेली वही.

नॉरबर्टने खुर्ची पुढे केली. ती भांडायला आली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती कोट न काढता बसली आणि म्हणाली की तू कसलासा नंबर शोधतोयस असं ऐकलं. नऊ वर्षांपूर्वी तू मला सांगितलं होतंस, रोज सकाळी पडद्यावर जे दिसेल ते उतरवून ठेवायचं. मला त्यातलं काय कामाचं ते कळेना, म्हणून मी सगळंच उतरवलं.

नॉरबर्टने वही उघडली. बर्फाचं तापमान, हवेचं तापमान, बाहेर वारा किती, आणि खाली, गोल सुवाच्य अक्षरात, छत्तीस अक्षरं आणि 'आवृत्ती १०'. पुढच्या पानावर तेच. त्याच्या पुढच्याही. नऊ हिवाळे, एकही दिवस खाडा नाही. एकतीस वर्षं नोकरी करून त्याने स्वतः तो नंबर एकदाही लिहून ठेवला नव्हता.

"राहू दे तुझ्याकडेच," इर्मा म्हणाली. "शनिवारनंतर मला काय करायचीय ती? ब्रेंट म्हणे सगळं फोनवर लिहितो." दारापर्यंत जाऊन ती थांबली. "ती बादली मी खरंच तिथे ठेवली होती का रे, नॉरबर्ट? मी रोज आठवून बघते. मला आठवते ती दारापाशी ठेवलेली. पण माणसाला या वयात सगळं नीट आठवतं असं नाही ना."

नॉरबर्टने तोंड उघडलं. तोंडातून जे निघालं ते पुन्हा 'हं'च होतं. इर्मा गेली, आणि त्याने वहीतली छत्तीस अक्षरं एकेक करून कंप्यूटरमध्ये भरली. त्याला स्वतःची खरोखर लाज वाटली, आणि तिचे सात अर्थ होत नव्हते.

शनिवारी दुपारी समिती क्लबात जमली. सूप होतं, सफरचंद भरून भाजलेला गोड 'पाय' होता, आणि एका टेबलावर झाकून ठेवलेला केक होता. नॉरबर्टने घरचा कंप्यूटर आणून जोडला, छत्तीस अक्षरं भरलेली होतीच, आणि बटण दाबलं. प्रोग्रॅम जागा झाला. त्याने घर पाहिलं, बांधणाऱ्याचं नाव पाहिलं, तारीख पाहिली, दारं पाहिली, नंबर वाचला. मग, नऊ वर्षांत काही झालंच नाही अशा थाटात, त्याने तापमान दाखवायला सुरुवात केली. पलीकडच्या खोलीत यंत्र घरघरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मेल्विनने त्याला मिठी मारली, आणि ट्रॅक्टर विकणाऱ्याच्या मिठीत बरगड्यांची परीक्षा होते.

झालं, नुकसान मिटलं, प्रश्न मिटला. नॉरबर्टने श्वास सोडला.

मग मेल्विनने केकवरचं झाकण काढलं. त्यावर 'धन्यवाद इर्मा' लिहिलेलं होतं. मेल्विन म्हणाले की देवाच्या आणि नॉरबर्टच्या कृपेने यंत्र वाचलं, पण असं पुन्हा होऊ नये, म्हणून बावीस वर्षांच्या सेवेनंतर इर्माला आता मानाने विश्रांती द्यावी आणि बर्फाचं काम ब्रेंटकडे सोपवावं. कुणाची काही हरकत? इर्मा भिंतीपाशी उभी होती, हात पुढे एकावर एक धरून, परीक्षेच्या निकालाला उभं राहावं तशी. तिची काही हरकत दिसत नव्हती. आपण पाणी ओतलं हे तिला आता पटलं होतं.

आमच्या खेळात पंच नसतो. घासताना तुमचा झाडू चालत्या दगडाला लागला, तर तो कुणाला दिसो न दिसो, तुम्हीच हात वर करून सांगायचं की माझा लागला. मग दगड राहू द्यायचा की काढायचा, ते समोरच्या संघाचा नायक ठरवतो. जो सांगत नाही त्याला कुणी काही बोलत नाही. पण त्याच्याबरोबर पुन्हा कुणी खेळतही नाही.

नॉरबर्टने हात वर केला. मेल्विनला वाटलं अनुमोदन. "झाडू माझा लागला," नॉरबर्ट म्हणाला. मेल्विनला कळेना, म्हणून त्याने उलगडून सांगितलं. "पाणी आत गेलंच नव्हतं. यंत्राने मला विचारलं, वर नेऊ का? मी हो म्हटलं. त्यानेच सगळं बंद पडलं. आणि तुम्ही बादलीकडे बघितलंत तेव्हा मी मूग गिळून गप्प बसलो. इर्मा, तुमची बादली दारापाशीच होती. तुम्हाला अगदी बरोबर आठवतंय."

सूपचे चमचे थांबले. एल्फ्रीडा मात्र थांबली नाही. तिने शांतपणे पायचा आणखी एक तुकडा घेतला. मेल्विन एकदा केककडे, एकदा ब्रेंटकडे बघत राहिले. शेवटी ते सगळ्यांसारखेच इर्माकडे वळले, कारण नियम तोच होता. निकाल आता तिने द्यायचा.

इर्माने हात सोडले. तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं, आणि मग तिला राग आला. चांगला खणखणीत राग, बावीस वर्षांत कुणी पाहिला नव्हता असा. तिने विचारलं की काय म्हणालास, यंत्राने विचारलं, वर नेऊ का?

नॉरबर्टने मान हलवली.

"अरे, ते मला नऊ वर्षं रोज सकाळी विचारतंय! आधी अकरावी, मग बारावी, मग तेरावी. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून मी रोज 'नको' दाबायचे. तुला कळतं ना, म्हणून हे झालं."

हसायला सुरुवात कुणी केली ते कळलं नाही, पण नॉरबर्टला वाटतं ब्रेंटनेच. मेल्विनही हसले, जरा उशिरा. इर्मा अजिबात हसली नाही. तिने सुरी घेतली, केकवरच्या आपल्या नावाचा तुकडा कापला आणि नॉरबर्टच्या हातात दिला. दगड आहे तिथेच राहू दे म्हणाली. आणि सोमवारी सकाळी सहा वाजता पहिल्या थराला ये, नळी धरायला माणूस हवाय, कंप्यूटरला मात्र हात लावायचा नाही.

नॉरबर्टने 'हो' म्हटलं.